दहा पैशांचं वजन

बाबा वजनमापे खात्यात होते.
इतवारीच्या किराणा ओळीत
त्यांची सायकल वळली की
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
झटकन निघायची, म्हणत.

आणि घरी, महालातल्या दोन खोल्यांत,
रेकॉर्डवरून सुई उडते म्हणून
टोनआर्मच्या डोक्यावर त्यांनीच
दहा पैशांचं नाणं चिकटवलेलं,
ॲल्युमिनियमचं, कातरलेल्या काठाचं.
सोळा वर्षं ते सुईला दाबत राहिलं.

मे महिना. सत्तेचाळीस.
रुमालात कार्ट्रिज गुंडाळून मी
बर्डीवर, मोदी नंबर तीनच्या मागं,
हेडाऊंची माडी चढले.
कूलरच्या वाऱ्यात बिलं फडफडत होती,
खसाचा वास आणि राळेचा, सोल्डरचा.
"हे कोणी लावलं?"
बाबांनी.
"काय करत होते?"
मी सांगितलं नाही.

डोळ्याला भिंग लावून बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "टोक गेलं. छिन्नी झाली हिची.
गाणं वाजून नाही राहिलं बाई,
कोरलं जाऊन राहिलं."
मागच्या चार पिनांना मीटर लावलं,
लाल हिरवी, पांढरी निळी.
काटा हलला.
"कार्ट्रिज जितं आहे. दोन्ही कान शाबूत.
त्याला नका छेडू. सुई पाहू."

बडीशेपेचे डबे, इंजेक्शनची खोकी,
त्यांत गुलाबी, काळ्या, पिवळ्या सुया,
नंबर घासलेल्या,
नुसत्या बुडाच्या आकारावरून ओळखायच्या.
एक मात्र अस्सल, कंपनीची, सीलबंद,
पेन्सिलीनं लिहिलेली किंमत बावीस रुपये.
मी हात पुढं केला.
त्यांनी दांडी नखानं हलवून दाखवली. हलली नाही.
"चाळीस उन्हाळे झेलले इथले. रबराचं लाकूड झालं.
हिरा नवा, मान ताठ.
घेऊन काय कराल बाप्पा, नाव वाजते का?"

राहिल्या दोन. गोल टोकाची, स्वस्त.
लंबगोल, तिच्या चौपट.
विजेच्या बिलामागं त्यांनी खोबण काढली,
उतरत्या दोन भिंती.
"गोल इथवर बसते. तुमच्या वडिलांची
इथंच बसली, इथंच घासली.
लंबगोल थोडी खाली जाईल.
तिथं अजून कोणी गेलंच नाही."

मी लंबगोल घेतली.

घरी नाणं सोलून काढलं, डिंक काळा झालेला.
बाबांच्या मखमली पेटीतून
दोन ग्रॅमचं पितळी वजन घेतलं,
पेन्सिलीवर फूटपट्टी आडवी,
एका टोकाला वजन, दुसऱ्यावर सुई.
पट्टी थरथरली, थांबली.
बरोबर.
या घरात पहिल्यांदा बरोबर.

आणि गाणारीच्या तोंडातला 'स'
जो आजवर फुटायचा, फाटायचा,
नीट 'स' आला.
समेआधी तिनं घेतलेला श्वास आला.
तबल्याच्या चाटेवर बोट
किती अलगद पडतं ते आलं.
मागं कुणाची तरी बांगडी.

पण अंतऱ्याच्या तोंडाशी
जी खरखर यायची,
जिच्या क्षणभर आधी बाबा
हात वर करायचे, "आता बघ",
ती आली नाही.
माझा हात वर, तसाच.
बाई गात पुढं निघून गेली.

सोमवारी पुन्हा माडी.
"ती गोल पण द्या."
हेडाऊंनी का म्हणून विचारलं नाही.
कागदात बांधताना एवढंच,
"नाणं नका लावू."

नाणं पेटीत ठेवायच्या आधी तोललं.
दोन ग्रॅम, आणि वर थोडं.
ते थोडं मोजायला
पेटीत नखाएवढे पत्रे होते, चिमटाही होता.
मी लावले नाहीत.